चालणं मोजू या, वहीत लिहू या



कुणी भाकरी थापता थापता हे ऐकत असेल, कुणी शेतातून येऊन जरा टेकली असेल. आज मी कर्ज, हप्ता, पापड-मसाला यातलं काही बोलणार नाही. आज बोलायचंय तुमच्या चालण्याविषयी, उठण्या-बसण्याविषयी. आणि ते मोजायचं कसं, याविषयी.

मोजणं आपल्याला काही नवीन नाही. बैठकीत रुपया-रुपया मोजून वहीत लिहितो. डेअरीवर दुधाचं फॅट मोजतात. अंगणवाडीत लेकराचं वजन-उंची मोजतात. बाई गरोदर राहिली की तिचं बीपी, हिमोग्लोबिन मोजतात. कापूस काट्यावर जातो, सोनं तर गुंजभर कमी-जास्त चालत नाही. पण बाईनं चाळिशी-पन्नाशी ओलांडली, जमिनीवरून उठताना ती भिंत धरायला लागली, देवळाच्या पायऱ्या चढताना मधे थांबायला लागली, तर ते कुणी मोजत नाही. विचारलं, "गुडघा किती दुखतो?" तर उत्तर येतं, "लई दुखतो." "कधीपासून?" "झाली की दोन-तीन वर्षं." मग पुढचं उत्तर ठरलेलं, "आता वय झालं, चालायचंच."

मैत्रिणींनो, 'लई' हा काही आकडा नाही. गेल्या वर्षी 'लई' होतं आणि यंदाही 'लई'च असेल, तर दुखणं वाढलं की कमी झालं, गोळीनं फरक पडला की नाही, कसं कळणार? आणि आकडा नसला की घरातलेही मनावर घेत नाहीत. म्हणून जगात ज्या लोकांनी माणसाचं चालणं मोजायचा ध्यास घेतला, त्यांनी काय शोधलं ते आज सांगते. मग आपल्या अंगणात, एका खुर्चीवर आणि एका सुतळीवर ते कसं मोजायचं तेही सांगते.

चालणं ही दिसायला सोपी गोष्ट. पण एक पाऊल टाकताना घोटा, गुडघा, खुबा, कंबर आणि हात असे सगळे एकाच वेळी हलतात, आणि इतक्या झटक्यात की डोळ्याला धरता येत नाही. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १८७० च्या दशकात असे बूट केले की तळव्याखाली हवेची छोटी पिशवी. पाय टेकला की हवा दाबली जायची, ती नळीतून जाऊन कागदावर रेघ उमटायची. कोणता पाय किती वेळ जमिनीवर राहिला ते त्या रेघेवरून कळायचं. अमेरिकेत १८७८ साली एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीनं कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो काढले, तेव्हा कुठे नक्की झालं की धावताना घोड्याचे चारही पाय क्षणभर अधांतरी असतात. हजारो वर्षं माणसं घोडे पाळत होती, पण नुसत्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं. पुढे जर्मनीत ब्राउने आणि फिशर या दोघांनी एका सैनिकाच्या हातापायांना उजेडाच्या नळ्या बांधल्या आणि अंधारात त्याला चालवून फोटो घेतले. एकेका सांध्याचा हिशोब त्यांनी कागदावर मांडला.

आज मोठ्या रुग्णालयांत यासाठी खास खोली असते. माणसाच्या सांध्यांवर छोटे चमकणारे गोळे चिकटवतात, चारी बाजूंनी कॅमेरे असतात. जमिनीत एक फळी बसवलेली असते, ती पावलाचा दाब मोजते. जन्मापासून हातपाय आखडलेलं, म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल तिथे चालवतात आणि कोणता स्नायू ओढतोय, कोणता ढिला पडलाय ते बघतात. ऑपरेशन करायचं का, आणि केलं तर कुठे, हे ठरवायला त्याची मदत होते.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं मोठ्या शहरातलं, आमच्या गावात कुठून आणायचे कॅमेरे? थांबा. या सगळ्या संशोधनातून जे सगळ्यात उपयोगाचं निघालं, त्याला कॅमेरा लागतच नाही. ते म्हणजे चालण्याचा वेग.

२०११ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास छापून आला. वेगवेगळ्या नऊ अभ्यासांतली ६५ वर्षांवरची ३४,४८५ माणसं त्यात एकत्र घेतली होती. त्यांना आपल्या नेहमीच्या चालीनं काही मीटर चालायला सांगितलं होतं, वेग लिहून ठेवला होता, आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. ज्यांची चाल बरी होती ती माणसं जास्त जगली. ज्यांची फार मंद होती ती कमी. आता याचा अर्थ उद्यापासून पळत सुटलं की आयुष्य वाढतं, असा नाही हं. चालायला हृदय लागतं, फुप्फुस लागतं, हाडं, स्नायू, डोळे, मेंदू, सगळं लागतं. यातलं एक जरी कुरकुरायला लागलं, तरी चाल मंदावते. डेअरीवर फॅट एकदम उतरलं की आपण काय म्हणतो? म्हशीच्या चाऱ्यात काही कमी पडलंय, नाहीतर तिला काही झालंय. दूध हे नुसतं कारण बघायला लावतं. चालीचंही तसंच. चाल उतरली की कारण शोधायचं.

आता जरा ओझ्याकडे वळू या, कारण आपल्याकडे बाई रिकामी चालते कधी?

१९८६ साली 'नेचर' या नावाजलेल्या विज्ञानाच्या नियतकालिकात केनिया देशातल्या बायकांविषयी एक अभ्यास आला. तिथल्या लुओ आणि किकुयू समाजाच्या बायका लहानपणापासून ओझं वाहतात. शास्त्रज्ञांनी त्यांना चालत्या पट्ट्यावर चालवलं आणि श्वासातून किती ऑक्सिजन खर्च होतो ते मोजलं. ऑक्सिजन जास्त लागला म्हणजे कष्ट जास्त. आणि निघालं काय? आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ओझं असलं, तर या बायकांना रिकाम्या चालण्यापेक्षा जास्त ऑक्सिजन लागतच नव्हता! शास्त्रज्ञ चकित झाले. पुढे १९९५ साली त्याचं कारण सापडलं. घड्याळाचा लंबक कसा झुलतो, तशी या बायकांची चाल ओझ्याखाली जास्त सफाईनं झुलते आणि ताकद वाचते.

हे ऐकून छाती फुगते ना? आपल्याही आज्या-पणज्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी घेऊन बोलत-हसत यायच्या. पण मैत्रिणींनो, त्या अभ्यासातला दुसरा आकडाही ऐका. पाचव्या हिश्श्याच्या पुढे ओझं गेलं की कष्ट वाढायला लागतात. ५० किलोच्या बाईचा पाचवा हिस्सा म्हणजे १० किलो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १५ लिटरचा हंडा भरला की नुसतं पाणीच १५ किलो, हंड्याचं वजन वेगळं, वरच्या कळशीचं वेगळं. म्हणजे आपल्या डोक्यावर जे असतं, ते त्या हिशोबात कुठेच बसत नाही.

शिवाय २०१० साली दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा समाजाच्या बायकांवर अभ्यास झाला, तेव्हा असं फुकटचं ओझं सगळ्यांना जमतं असं काही दिसलं नाही. बाई-बाईत खूप फरक निघाला आणि डोक्यावरच्या ओझ्यानं मान दुखते हेही नोंदलं गेलं. म्हणून कुणी म्हणालं, "बायकांना सवय असते, त्यांना काही होत नाही," तर त्याला हे आकडे सांगा. सवय खरी असते. पण तिला हद्द असते, आणि ती हद्द मोजता येते. तुमच्या घरातल्या हंड्याला एकदा वजनकाटा लावून बघा. नळ दारात यावा म्हणून ग्रामसभेत बोलताना हे किलो सांगा. पाणी किती लांबून आणतो हे सांगतोच, किती वजनाचं आणतो हेही सांगा.

आता बसण्याविषयी. आपलं निम्मं आयुष्य जमिनीवर जातं. उकिडवं बसून खुरपणी, मांडी घालून निवडणं-टिपणं, जेवण, भजन. शौचालयसुद्धा कितीतरी घरांत उकिडवं बसायचंच. आणि ही गोष्ट बराच काळ परदेशातल्या मोजणाऱ्यांच्या हिशोबात नव्हती, कारण त्यांची माणसं खुर्चीवर बसतात. साध्या चालण्याला गुडघा साधारण ६० अंश वाकला तरी काम भागतं. २००६ साली भारतातल्या माणसांचं उठणं-बसणं मोजलेला एक अभ्यास छापून आला. त्यात दिसलं की उकिडवं बसताना आपला गुडघा दीडशे अंशांच्या आसपास वाकतो. काटकोन ९० अंशांचा असतो, त्यावरून अंदाज करा. आता सांगा, ज्यांनी फक्त खुर्चीवरची माणसं मोजली, त्यांनी केलेला कृत्रिम गुडघा किंवा पाय आपल्या शेतात कसा चालायचा?

हे आपल्याच देशात ओळखलं गेलं होतं. जयपूरमध्ये १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि हाडांचे डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी मिळून 'जयपूर फूट' घडवला. रामचंद्रजींचं शालेय शिक्षण फार नव्हतं, पण हातात कला होती. परदेशी बनावटीचा पाय लावला की माणसाला उकिडवं बसता यायचं नाही, मांडी घालता यायची नाही, अनवाणी चिखलात उतरता यायचं नाही, बूट घालावाच लागायचा. जयपूर फूट रबराचा, वाकणारा, दिसायलाही पायासारखा. तो घालून माणूस शेतात जातो, झाडावर चढतो. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुधा चंद्रन यांना तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला, आणि हाच जयपूर फूट लावून त्या पुन्हा भरतनाट्यम नाचल्या. १९७५ साली जयपूरला सुरू झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पाय मोफत बसवून देते, ठिकठिकाणी शिबिरं घेते. तुमच्या गावात कुणाचा पाय गेला असेल तर हे त्यांच्या कानावर घाला.

जमिनीवरून उठण्याचा आणि तब्येतीचा संबंध ब्राझील देशातल्या डॉक्टरांनीही मोजला. २०१२ साली त्यांचा अभ्यास छापून आला. ५१ ते ८० वर्षांची २,००२ माणसं. सांगितलं एवढंच की जमिनीवर बसा आणि उठा, शक्य तितका कमी आधार घेऊन. बसायचे पाच गुण, उठायचे पाच. हात टेकला, एक गुण कमी. गुडघा टेकला, एक गुण कमी. तोल गेला, अर्धा गुण कमी. ज्यांना आठ ते दहा गुण मिळाले, त्यांच्या मानानं शून्य ते तीन गुणवाल्यांमध्ये पुढच्या साधारण सहा वर्षांत मरण पावणाऱ्यांचं प्रमाण पाच-सहा पट होतं. घाबरू नका, एखादीला कमी गुण पडले म्हणजे तिचं काही ठरलेलं नाही. ताकद, तोल आणि अंगाचा लवचीकपणा कमी झालाय, एवढंच ते सांगतं. आणि या तिन्ही गोष्टी परत कमावता येतात. मात्र ज्यांचे गुडघे सुजलेत, ज्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांनी हा प्रकार घरी करून बघू नये.

आता आपण घरी काय मोजायचं? तीन गोष्टी सांगते. वही-पेन घ्या. मोबाइलमधलं स्टॉपवॉच चालेल. एक पक्की खुर्ची हवी, चाकाची किंवा डगमगणारी प्लास्टिकची नको. आणि मोजताना शेजारी दुसरी बाई उभी हवीच, तोल गेला तर धरायला. चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, त्या दिवशी काही मोजायचं नाही.

पहिली मोजणी, खुर्चीवरून उठण्याची. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. मधोमध बसा, दोन्ही हात छातीवर आडवे धरा. 'सुरू' म्हटलं की हात न टेकता पूर्ण उभं राहायचं, परत बसायचं. ३० सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजा. हात टेकवावेच लागले तर शून्य लिहा. अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संस्थेचा हिशोब असा आहे: ६० ते ६४ वर्षांच्या बाईला १२ वेळाही जमलं नाही, ६५ ते ६९ च्या बाईला ११ वेळा जमलं नाही, किंवा ७० ते ७९ च्या बाईला १० वेळा जमलं नाही, तर पायांत ताकद कमी आहे आणि पडण्याचा धोका जास्त. हे आकडे तिकडच्या बायकांचे आहेत. आपण त्यांचा अंदाज घ्यायचा, पण खरी तुलना स्वतःच्याच मागच्या आकड्याशी करायची.

दुसरी मोजणी, 'ऊठ आणि चाल'. ही १९९१ साली कॅनडातल्या दोन बायकांनी, पॉड्सिअॅडलो आणि रिचर्डसन यांनी, आजच्या रूपात आणली. खुर्चीपासून ३ मीटरवर जमिनीवर खडूनं रेघ मारा. शिंप्याची टेप दीड मीटरची असते, ती दोनदा लावली की ३ मीटर. खुर्चीवरून उठायचं, नेहमीच्या चालीनं रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काठी वापरत असाल तर काठी घेऊनच. उठल्यापासून बसेपर्यंत १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं समजायचं. आणि नुसता वेळ बघू नका. वळताना अडखळते का, भिंत धरते का, पाय घासत चालते का, तेही लिहा.

तिसरी मोजणी, चालण्याचा वेग. १० मीटरची सुतळी मोजून ठेवा, गटाची एकच असली तरी चालेल. मोकळ्या, सपाट जागी ती अंथरा. सुतळीच्या दोन पावलं आधीपासून चालायला लागायचं आणि संपल्यावरही दोन पावलं पुढे जायचं. सुतळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा वेळ लिहायचा. आशियातल्या देशांतल्या तज्ज्ञांनी २०१९ साली जी रेघ ठरवली, ती सेकंदाला १ मीटर अशी आहे. म्हणजे उतारवयात १० मीटरला १० सेकंदांपेक्षा जास्त लागले तर स्नायू कमजोर झालेत का, हे तपासून घ्यायचं.

या आकड्यांचा खरा उपयोग कुठे होतो, ते आमच्याच गटातलं सांगते. एका काकूंना लकवा झाला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर फिजिओथेरपिस्ट ताईंनी व्यायाम शिकवले. दोन महिने झाले, आणि घरात कुजबुज सुरू झाली की काही फरक नाही, उगाच पैसा आणि वेळ. काकूंनीही हात-पाय गाळले. "आता माझं हे असंच," म्हणायला लागल्या. पण त्यांच्या सुनेनं पहिल्या आठवड्यापासून दर सोमवारी १० मीटरचा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला होता. पहिल्या सोमवारी ४१ सेकंद. दोन महिन्यांनी २७. सुनेनं कॅलेंडरची पानं उलटून सगळ्यांना दाखवली. रोज बघणाऱ्या डोळ्यांना फरक दिसत नव्हता, पण १४ सेकंद कमी झाले होते. काकूंनी व्यायाम सोडला नाही.

लकव्यानंतर चालण्याचे टप्पे असतात. अमेरिकेतल्या डॉ. जॅकलिन पेरी यांनी १९९५ साली ते मांडले. १० मीटरला २५ सेकंदांपेक्षा जास्त लागतात, ते माणूस घरातल्या घरात फिरतं. २५ ते साडेबारा सेकंदांच्या मधलं माणूस दारात, आळीत जाऊ शकतं. साडेबाराच्या आत आलं की बाजार, देऊळ, बैठक, सगळीकडे जाऊ शकतं. काकू पुढे १९ वर आल्या. आता त्या शेजारच्या ओट्यावर जाऊन बसतात. बैठकीला अजून रिक्षानंच येतात, पण येतात. आकडा बघून पुढचा टप्पा कोणता ते घरातल्या सगळ्यांना कळतं, आणि फिजिओथेरपिस्ट ताईंनाही व्यायाम बदलायला सोपं जातं.

आणखी एका ठिकाणी हे मोजणं थेट हक्काशी जोडलेलं आहे. ते म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. हातापायाचं दिव्यांगत्व असेल तर सरकारी रुग्णालयात सांधा किती वाकतो, स्नायूत ताकद किती, हे मोजून टक्के काढतात. पायाचं असेल तर सपाट जमिनीवर चालणं, उतारावर चालणं, पायऱ्या चढणं, त्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, वळणं, हेही धरतात. बघा, आपल्या देशाच्या हिशोबात मांडी आणि उकिडवं आहे! बहुतेक सवलतींना आणि संजय गांधी निराधार योजनेला ४० टक्के लागतात. कितीतरी बाया तपासणीच्या दिवशी लाजेनं, भिडेनं म्हणतात, "जमतं की सगळं." असं करू नका. खरं तेच सांगा, वाढवून नाही आणि लपवूनही नाही. काय जमत नाही, किती वेळ लागतो, ते आधी वहीत लिहून सोबत न्या. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था १९५५ पासून आहे. तिथेही हीच मोजणी पहिली असते: काय जमतं, किती जमतं.

आता आकडा कमी आला तर काय करायचं? पहिलं म्हणजे रडायचं नाही. दुसरं, आशाताईंना वही दाखवा, उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना दाखवा. बीपी, साखर, रक्त, डोळे तपासून घ्या. चालू गोळ्यांनी चक्कर येते का, विचारा. एकदम, काही दिवसांत आकडा घसरला, किंवा एका बाजूची ताकद गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर वही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. तिथे एक-एक मिनिट मोलाचं असतं.

तिसरं, व्यायाम. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठानं म्हाताऱ्या माणसांसाठी घरीच करायचे पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम बसवले, सोबत चालणं. त्यांच्या अभ्यासांत पडण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशानं कमी झालं. आपण सुरुवातीला एवढं करा: खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, जितकं जमेल तितकं, दिवसातून दोनदा. ओटा धरून टाचा वर उचला, सावकाश खाली सोडा. ओटा धरूनच एका पावलापुढे दुसरं पाऊल, टाचेला अंगठा लावून, दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहा. घरातलंही बघा. न्हाणीघरात शेवाळ आहे का, उंबऱ्याजवळ अंधार आहे का, झिजलेली चप्पल आहे का. खुब्याचं हाड मोडलं की घरादाराचं वेळापत्रक मोडतं, आणि त्यात बाईचं सगळ्यात आधी.

आमच्या गटात आम्ही असं ठरवलंय. दर तीन महिन्यांनी, बचत गोळा झाली की सुतळी काढायची. चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांनी चालायचं, उठायचं-बसायचं. घरी सासू असेल, आई असेल, तिलाही आणायचं. वहीच्या मागच्या पानावर नाव, तारीख आणि तीन आकडे. पहिल्या वेळी हसून पुरेवाट झाली, कारण सगळ्यात तरुण अध्यक्षबाईंना खुर्चीवरून नऊच वेळा उठता आलं आणि ६२ वर्षांच्या आक्कांनी सोळा केले! पण त्या हसण्यात अध्यक्षबाईंनी हिमोग्लोबिन तपासून घेतलं. ते कमी निघालं आणि औषध सुरू झालं.

पुढच्या बैठकीला तुम्हीही एक सुतळी न्या. तुमच्या गटाचे आकडे काय आले, कुणाची चाल सुधारली, ते आपल्या केंद्राला कळवा. पुढच्या वेळी त्यावर बोलू. तोवर सांभाळून चाला.